मोकळ्या प्लॉटवरची टिटवी : ओळख, सवयी आणि अंडी दिसल्यावर काय करावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या कडेला वसलेल्या एका नव्या वसाहतीत, मुरूम आणि खडी पसरलेल्या मोकळ्या प्लॉटवर, डोळ्यांपुढे लाल मांसल पट्टी असलेल्या एका पक्ष्याने चार अंडी घातली आहेत. घरटे म्हणावे असे तिथे काही दिसत नाही. कोणी जवळ गेले की पक्षी आरडाओरडा करतो आणि डोक्यावरून झेपा घेतो. भर दुपारी मात्र अंडी उघड्यावर पडलेली दिसतात. तो रात्रीही ओरडतो, म्हणून शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींना ते अशुभ वाटते. हा पक्षी कोणता, त्याने अंडी टाकून दिली आहेत का, ती सावलीत हलवावीत का, आणि प्लॉटवर लवकरच बांधकाम सुरू होणार असेल तर काय करावे, असे आपण विचारले आहे.

आपण केलेले वर्णन टिटवीचे आहे, आणि डोळ्यांपुढच्या लाल मांसल पट्टीचा उल्लेख पाहता ती ताम्रमुखी टिटवी आहे याविषयी शंका उरत नाही. अंडी टाकून दिलेली नाहीत. ती उघडी दिसतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की आपण पाहायला गेलेलो असतो आणि पक्षी आपल्यामुळेच उठून दूर गेलेला असतो. अंडी हलवू नयेत, सावलीत तर मुळीच नेऊ नयेत. यामागची कारणे पक्ष्याच्या सवयींमध्येच आहेत, म्हणून आधी ओळख आणि सवयी नीट सांगतो; त्या समजल्या की काय करावे हे वेगळे सांगण्याची फारशी गरज राहणार नाही.

ताम्रमुखी टिटवी आकाराने साधारण तितराएवढी, लांबीला सुमारे ३५ सेंटीमीटर असते, पण लांब पिवळ्या पायांमुळे ती त्याहून मोठी भासते. डोके, गळा आणि छातीचा वरचा भाग काळा असतो. डोळ्यामागून निघालेला पांढरा पट्टा मानेच्या कडेने खाली उतरत पोटाच्या पांढऱ्या रंगाला मिळतो. पाठ आणि पंख तपकिरी असून उन्हात त्यांवर किंचित जांभळट, काशासारखी झाक दिसते. चोच लाल आणि टोकाशी काळी असते. चोचीच्या मुळापासून डोळ्यापर्यंत लाल मांसल पट्टी असते आणि डोळ्याभोवतीचे कडेही लाल असते. पक्षी उडाला की पंखांचे काळे टोक, पंखावरचा ठळक पांढरा पट्टा आणि पांढऱ्या शेपटीवरची काळी आडवी पट्टी दिसते. पाय शेपटीच्या मागे निघालेले असतात. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, त्यामुळे अंड्यांवर बसलेला पक्षी पाहून ती मादीच आहे असे कोणी सांगितले तर ते केवळ अनुमान समजावे. तरुण पक्ष्यांचा गळा पांढुरका असतो, डोक्याचा रंग फिका असतो आणि लाल पट्टी लहान असते, म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस दिसणारे असे पक्षी वेगळ्या जातीचे वाटण्याचा संभव असतो.

शास्त्रीय नाव व्हॅनेलस इंडिकस. डच निसर्गअभ्यासक पीटर बोडार्ट याने १७८३ साली या पक्ष्याचे शास्त्रीय नामकरण केले, आणि त्यासाठी मूळ ठिकाण म्हणून आपल्या गोव्याची नोंद आहे. इराकपासून इराणचे आखात, संपूर्ण भारतीय उपखंड आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत ही टिटवी आढळते. वर्गीकरणात ती किनारपक्ष्यांमध्ये, चिखल्यांच्या कुळात येते. पण तिला किनारा लागतोच असे नाही. ओढ्याकाठची माळजमीन, नांगरलेले शेत, भाताचे खाचर, गावतळ्याचा उघडा पडलेला काठ, क्रिकेटचे मैदान, विमानतळाची गवताळ पट्टी, नव्या रस्त्याचा भराव अशी दृष्टी दूरवर पोहोचेल अशी उघडी जमीन आणि उडून जाता येईल इतक्या अंतरावर पाणी या दोन गोष्टी तिला पुरतात. शहराच्या कडेचे प्लॉट तिला आवडतात ते यामुळेच. झाडे तोडून, जमीन सपाट करून, मुरूम टाकून आपण तिच्या आवडीची जागाच तयार करून ठेवतो आणि पुढे तिथे काम सुरू करतो.

ओळख पक्की करताना आणखी एका टिटवीचा विचार करावा लागतो. पीतमुखी टिटवी, जिला काही जण माळटिटवी म्हणतात, ती आकाराने लहान, सुमारे २७ सेंटीमीटर असते. तिच्या डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली डोळ्यामागून जाणारी पांढरी रेघ आणि डोळ्यापुढे लोंबणारी मोठी पिवळी मांसल पट्टी असते. छाती काळी नसून फिकट तपकिरी असते. ती अधिक कोरड्या जागी राहते. सासवड-जेजुरीकडचे माळ, सोलापूरकडची गवताळ राने, कोकण आणि गोव्यातले जांभ्या दगडाचे सडे ही तिची खरी घरे. तिचा आवाज बारीक आणि तुटक असतो. ताम्रमुखीसारखा कल्लोळ ती सहसा करत नाही, म्हणूनच ती माणसाच्या नजरेतून सुटते आणि तिची अंडी गाड्यांखाली आणि जनावरांच्या पायांखाली अधिक सहज सापडतात. आपल्या प्लॉटवरची टिटवी हीच निघाली असती तर मी अधिक काळजी करण्यास सांगितले असते, कारण माळ संपत चालले आहेत आणि ती वस्तीशी ताम्रमुखीइतकी जुळवून घेत नाही. करवानक हाही जमिनीवर अंडी घालणारा आणि रात्री ओरडणारा पक्षी आहे. पण त्याचे मोठे पिवळे डोळे आणि अंगावरच्या तपकिरी रेघा पाहिल्या की घोटाळा राहत नाही. नदीकाठच्या वाळूत व खडीत अंडी घालणारा कंठेरी चिखल्या चिमणीहून थोडाच मोठा असतो आणि त्याच्या गळ्याशी काळा कंठा असतो. हिवाळ्यात उजनी, नांदूर मधमेश्वर किंवा जायकवाडीच्या काठांवर इतर जातींच्या पाहुण्या टिटव्याही क्वचित दिसतात, पण त्या इथे अंडी घालत नाहीत. म्हणजे मार्च ते ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या एखाद्या प्लॉटवर टिटवीची अंडी दिसली तर ती ताम्रमुखीची किंवा पीतमुखीची, एवढेच दोन पर्याय उरतात.

उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींकडून कधीकधी अशाच पक्ष्याविषयी विचारणा होते. तिथल्या पार्किंगच्या कडेच्या खडीत अंडी घालणारा पक्षी किलडीअर असतो. तो आपल्या टिटवीच्याच कुळातला आहे, छातीवर दोन काळे पट्टे आणि शेपटीच्या मुळाशी विटकरी रंग ही त्याची खूण. पंख मोडल्याचे सोंग करून, जमिनीवर फरफटत तो माणसाला अंड्यांपासून दूर नेतो. आपली ताम्रमुखी टिटवी या सोंगापेक्षा आवाजावर आणि झेपांवर अधिक विसंबते, परंतु पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचना त्या पक्ष्यालाही लागू पडतात. तिकडेही त्याच्या अंड्यांना कायद्याचे संरक्षण आहे.

टिटवीची चाल पाहिली तर तिचे खाणे समजते. ती चार पावले झपाझप धावते, थबकते, मान वर करून पाहते आणि मग एकदम वाकून टिपते. चिखलात चोच खुपसून चाचपत खाणारे तुतवारासारखे पक्षी आणि टिटवी यांच्यात हाच फरक आहे. टिटवी डोळ्यांनी शिकार करते, म्हणून तिची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात. किडे, अळ्या, वाळवी, मुंग्या, भुंगेरे, गोगलगायी हे तिचे मुख्य खाणे आहे. थोडेफार धान्यही ती खाते, पण शेतात ती दिसते ती प्रामुख्याने किड्यांसाठी. ओल्या जमिनीवर ती एक पाय पुढे करून थरथरवते. त्या हादऱ्याने मातीतले किडे हलतात आणि हललेला किडा तिला दिसतो. पाणी दिलेल्या शेतात किंवा पावसानंतरच्या हिरवळीवर दुर्बिणीतून काही वेळ पाहिल्यास हे अगदी स्पष्ट दिसते.

मोठ्या डोळ्यांचा दुसरा परिणाम असा की ती रात्रीही चरते, विशेषतः चांदण्या रात्री. रात्री ओरडण्याचे मूळ इथे आहे. टिटवी जागी असते, उघड्यावर असते, आणि कुत्रा, मुंगूस, रानमांजर, कोल्हा किंवा माणूस जवळून गेला की ती ओरडते. पूर्वी गावाबाहेर अंधारात काहीतरी हलते आहे याची पहिली खबर टिटवीकडूनच मिळत असे, आणि अशा खबरेची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. त्यातूनच तिच्या ओरडण्याचा संबंध मरणाशी किंवा संकटाशी जोडला गेला असावा, असे मला वाटते. आपल्या शेजारच्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगावे की ती अंड्यांवरच्या संकटाची ओरड आहे, घरावरच्या नव्हे. हवे तर बॅटरी घेऊन दुरून पाहा. बहुतेक वेळा प्लॉटच्या कडेने फिरणारे कुत्रे दिसेल.

टिटवी घरटे बांधत नाही हे म्हणणे अर्धे खरे आहे. छाती जमिनीला टेकवून आणि पायांनी माती मागे सारून ती एक उथळ खळगा करते, आणि आजूबाजूचे खडे, ढेकळांचे तुकडे, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या त्याभोवती आणून ठेवते. नर असे एकाहून अधिक खळगे करतो आणि त्यांतला एक पसंत होतो. अंडी मातकट पिवळसर रंगाची असून त्यांवर काळपट तपकिरी डाग असतात. आकार एका बाजूला निमुळता असतो, लांबी साधारण ४२ मिलिमीटर आणि रुंदी ३० मिलिमीटर. चार अंड्यांची निमुळती टोके आत वळवलेली असतात, त्यामुळे ती कमी जागेत बसतात आणि पक्ष्याच्या पोटाखाली नीट झाकली जातात. कोणी हाताळून ठेवली तर ही मांडणी बिघडलेली लगेच कळते, आणि पक्षी परत आल्यावर चोचीने ती पुन्हा जुळवत बसतो. कधीकधी तीनच अंडी असतात. ती एका दिवसात घातली जात नाहीत, त्यामुळे सुरुवातीला एक-दोनच दिसली तर इतर कोणी नेली असे समजू नये. खरी उबवण शेवटच्या अंड्यानंतर सुरू होते आणि २८ ते ३० दिवसांनी पिल्ले जवळपास एकाच वेळी बाहेर येतात. आपल्याला चार अंडी कोणत्या दिवशी प्रथम दिसली ते लिहून ठेवावे. बांधकामाचा निर्णय त्या तारखेवर अवलंबून आहे.

आता उघड्या अंड्यांचा आणि उन्हाचा प्रश्न. उबवणे म्हणजे ऊब देणे, असे आपण धरून चालतो. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात, विदर्भात किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर टिटवीपुढची अडचण नेमकी उलट असते. हवेचे तापमान चाळिशीच्या आसपास जाते तेव्हा मुरूम आणि खडी त्याहून कितीतरी जास्त तापतात, आणि एवढी उष्णता अंड्यातल्या गर्भाला फार वेळ सोसत नाही. म्हणून दिवसाच्या तापत्या प्रहरात टिटवी अंड्यांवर दाबून न बसता त्यांच्यावर उभी राहते किंवा किंचित उचललेली बसते, पंख थोडे सैल सोडते आणि अंड्यांवर स्वतःची सावली धरते. नर आणि मादी पाळी बदलतात. दिवसा बसण्याचा भार मादी जास्त उचलते, पण ऊन अगदी कडक झाले की नर येऊन तिला मोकळे करतो. मोकळा झालेला पक्षी पाण्याकडे जातो, उथळ पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवतो आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसतो. ते पाणी अंड्यांवर आणि खळग्यात उतरते, वाळते आणि थंडावा देते. ऊन जितके कडक तितक्या या खेपा वाढतात. हे सगळे पाहायचे असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळात, निदान पन्नास-साठ पावले दूर, एखाद्या गाडीत किंवा खिडकीत बसून दुर्बिणीने पाहावे. पाळी बदलताना बसलेला पक्षी उठून काही पावले चालत जातो, दुसरा वेगळ्या बाजूने येतो, अंड्यांपाशी थांबतो, पोटाची पिसे फुलवून हलवतो आणि मग हळूहळू खाली बसतो. त्या पिसांतून ओघळलेले पाण्याचे थेंब जवळच्या खड्यांवर गडद ठिपके उमटवतात, आणि बघता बघता ते ठिपके सुकून जातात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, आपण अंड्यांपाशी फोटो काढत पाच-दहा मिनिटे उभे राहिलो तर तेवढा वेळ अंड्यांवरची सावली गेलेली असते, आणि मे महिन्यातल्या दुपारी तेवढाही वेळ जास्त आहे. दुसरी, अंड्यांवर पत्रा, पुठ्ठा किंवा कापड आडवे लावून सावली करण्याची गरज नसते आणि तसे करणे धोक्याचेही ठरते. टिटवीला चारही दिशांना मोकळी नजर हवी असते. आडोसा दिसला की ती यायला कचरते. मदत करायचीच असेल तर प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, अंड्यांपासून बऱ्याच अंतरावर, उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवावे आणि ते सकाळी लवकर भरावे. भांड्यात पाणी दोन-तीन बोटे खोल असले तरी पुरे. खोल पाण्यात ती बसत नाही.

संकट पाहून टिटवी आपले वागणे बदलते, आणि तिच्याकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्याला मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. माणूस दूर असतानाच ती अंड्यांवरून उठते, मान खाली घालून गुपचूप बरीच दूर धावत जाते आणि तिथून उडून ओरडायला लागते. म्हणून ती जिथून उडाली तिथे अंडी शोधणे व्यर्थ असते. कधी ती भलत्याच जागी, रिकाम्या जमिनीवर, अंड्यांवर बसल्यासारखी बसते. आपण अंड्यांच्या जवळ जाऊ लागलो की झेपा वाढतात, आवाज तीव्र होतो आणि जोडीदारही येऊन सामील होतो; आपण दूर जाऊ लागलो की झेपा थांबतात. तिच्या पंखाच्या पुढच्या सांध्यावर लहानशी नखी असते, परंतु माणसाला ती इजा करत नाही, झेप डोक्याजवळून वळते. लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे भिऊन कोणी दगड मारणार नाही. गाय किंवा म्हैस चरत जवळ आली तर मात्र टिटवी पळत नाही, कारण गाय अंडी खात नाही पण तुडवू शकते. अशा वेळी ती अंड्यांपाशी उभी राहून पंख पसरते आणि गाईच्या तोंडासमोर ओरडते, आणि गाय बहुधा वाट वाकडी करते. कुत्रे, मुंगूस, कावळा आणि घार यांच्यावर ती जोडीने तुटून पडते. टिटवीसारखा पक्षीही समुद्र आटवतो ही आपल्याकडची म्हण या चिवटपणाला शोभणारी आहे. तरीही बरीच अंडी वाया जातात. कावळे माणसांची वर्दळ पाहून जागा हेरतात, आणि शहराच्या कडेला मोकाट कुत्र्यांचा धोका सर्वांत मोठा असतो. पहिली अंडी गेली तर जोडी बहुधा जवळपासच दुसऱ्यांदा अंडी घालते, म्हणून एकदा अंडी नष्ट झाली म्हणजे त्या जागेचा विषय संपला असे समजू नये.

टिटवी उंचावर अंडी घालते तेव्हा पाऊस चांगला होतो आणि सखल जागी घालते तेव्हा कमी, अशी समजूत अनेक गावांत आहे. चार अंडी म्हणजे पावसाचे चार महिने असेही सांगतात. शेतकऱ्याने तिच्या अंड्यांकडे इतक्या बारकाईने पाहिले याचा मला आदर वाटतो. पण चार ही या पक्ष्याची नेहमीची संख्या आहे, आणि जागा निवडताना ती त्या वेळची जमीन, नजरेचा टप्पा आणि पाण्याचे अंतर पाहते. धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर घातलेली अंडी वळवाच्या एका मोठ्या सरीत किंवा पाणी चढल्यावर बुडालेली दिसतात. पुढचा पाऊस तिला आधी कळत असता तर तिने ती तिथे घातली नसती. अंडी पाहून पेरणीचा निर्णय घेऊ नये, एवढे मी स्पष्टपणे सांगेन.

पिल्ले बाहेर आली की सगळे चित्र एका दिवसात बदलते. ती आंधळी किंवा उघडी नसतात. अंगावर तपकिरी ठिपक्यांची लव, मानेमागे पांढरा पट्टा आणि शरीराच्या मानाने लांब पाय घेऊनच ती येतात. लव वाळताच ती चालू लागतात आणि आपले आपण टिपून खातात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. ते राखण करतात, खाण्याच्या जागेकडे नेतात आणि ऊन, पाऊस व गारठ्यात पोटाखाली घेतात. फुटलेल्या अंड्यांच्या कवचाची आतली बाजू पांढरी असते आणि दुरून चमकते, म्हणून पालक ती चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. त्यामुळे एका सकाळी खळगा पूर्ण रिकामा दिसला तर लगेच चोरी समजू नये. जोडी प्लॉटवरच किंवा जवळपास असेल आणि आपण येताच पूर्वीपेक्षाही जोरात ओरडत असेल, तर पिल्ले जवळच आहेत. तिथे एक पाऊलही पाहून टाकावे, कारण पालकांनी इशारा दिला की पिल्लू जमिनीला चिकटून निश्चल पडते आणि पायाशी असले तरी दिसत नाही. ते पळत नाही म्हणून आजारी किंवा पोरके आहे असे समजून उचलून घरी नेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. घरी नेलेले पिल्लू फार क्वचित जगते. ते जिथे सापडले तिथेच, थोडे कडेला, ठेवून आपण दूर जावे. आवाज थांबला की पालक येऊन घेऊन जातात. उडता येण्यासाठी पिल्लांना महिन्याहून अधिक काळ लागतो, पण पहिल्या एक-दोन दिवसांतच ती अंड्यांची जागा सोडतात, आणि आपल्या बांधकामाच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे, तसेच अंडी किंवा घरटी विस्कटणे याचाही समावेश आहे. म्हणून अंडी उचलून दुसऱ्या प्लॉटवर ठेवणे हा केवळ निरुपयोगी नव्हे, तर कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचा उपाय आहे. निरुपयोगी अशासाठी की टिटवी जागा ओळखते आणि परत तिथेच येते. दूर नेलेली अंडी तिच्या लेखी नाहीशी झालेली असतात. कृत्रिम उष्णता देऊन घरी अंडी उबवण्याचे प्रयत्न कोणी करू नयेत. पिल्ले निघाली तरी त्यांना राखण, पोटाखालची ऊब आणि दिवसभर जिवंत किडे कोण देणार?

बांधकामाविषयी माझा सल्ला सरळ आहे. काम महिनाभर पुढे ढकलता येत असेल तर ढकलावे. ते शक्य नसेल तर ठेकेदाराशी आधी बोलून अंड्यांभोवती दहा-पंधरा पावलांचा पट्टा सोडून प्लॉटच्या दुसऱ्या बाजूने काम सुरू करावे. टिटवी सततच्या ठरावीक आवाजाला सरावते. लोहमार्गाच्या खडीतही ती अंडी घालते आणि गाडी गेली की परत येऊन बसते. तिला न सोसणारी गोष्ट म्हणजे थेट अंड्यांकडे चालत येणारा माणूस. हद्द दाखवण्यासाठी उंच काठी किंवा झेंडा लावू नये, कारण काठीवर कावळा बसतो आणि झेंडा पाहून मुले जमतात. अंड्यांपासून काही पावलांवर चार मोठे दगड ठेवावेत आणि मजूर, वॉचमन, पाण्याच्या टँकरचा चालक या सर्वांना जागा प्रत्यक्ष दाखवावी. टँकरवाल्याला विसरू नये. प्लॉटवर सर्वांत बेफिकिरीने वळणारे वाहन तेच असते. शेतातही हीच पद्धत चालते. नांगरट किंवा रोटाव्हेटर चालवताना अंड्यांभोवतीचा पट्टा न फिरवता सोडणारे शेतकरी आजही गावोगावी आहेत, आणि ट्रॅक्टर पुढे गेला की टिटवी त्या न नांगरलेल्या तुकड्यावर परत येते. संध्याकाळनंतर प्लॉटवर खरकटे टाकू देऊ नये, त्याने कुत्री येतात.

टिटवी अलीकडे इमारतींच्या सपाट गच्चीवर, विशेषतः खडी पसरलेल्या गच्चीवरही अंडी घालते, आणि आपल्या वसाहतीत पुढे तसे झाल्यास अडचण वेगळी असेल. अंडी तिथे कुत्र्यांपासून सुरक्षित असतात, पण पिल्ले निघाल्यावर वर खाणे नसते, आणि पालक खालून बोलावू लागले तरी कठडा उंच असल्याने पिल्लांना बाहेर पडता येत नाही. तापलेल्या गच्चीवर अडकलेली पिल्ले फार काळ तग धरत नाहीत. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, हस्तक्षेप योग्य ठरतो. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवून, जवळच्या अनुभवी पक्षीनिरीक्षकाच्या मदतीने सर्व पिल्ले एकाच वेळी हवेशीर खोक्यात घ्यावीत, पालकांना खोके दिसत राहील अशा रीतीने खाली न्यावे आणि इमारतीलगतच्या सर्वांत जवळच्या मोकळ्या, कुत्री नसलेल्या जमिनीवर सोडावे. हे काम सकाळी ऊन चढण्यापूर्वी करावे, पिल्लांना पाणी किंवा अन्न तोंडात घालू नये, आणि पालक पिल्लांपाशी उतरेपर्यंत कोणी तरी दुरून लक्ष ठेवावे.